पेल एलचा सुगंध घरी हवाय? हॉपचं पाणी, हॉपचा कोंबुचा आणि आल्याचा सोडा यांतून निवडताना

पुण्या-बंगळुरूला नोकरी करून इंदूरला परतलेली मराठी मुलंमुली मला वरचेवर विचारतात, की पेल एल या बिअरमधला तो पपनसाच्या सालीचा वास आणि मागाहून येणारा कडवटपणा घरी आणता येईल का? येईल. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. बिअर घरी करायची नाही. मध्य प्रदेशात १९१५चा अबकारी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते दोन बाटल्या का असेना. अमेरिकेत घरगुती बिअरला १९७८ साली केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली, इंग्लंडमध्ये परवान्याची अट १९६३ साली गेली. तिकडचे नातेवाईक आपापल्या गॅरेजमध्ये खुशाल करतात. आपण इथे राहतो, आपल्याला इथलं बघायचं.

सुदैवाने आपल्याला हवा असलेला वास अल्कोहोलचा नसतोच, तो हॉप्सचा असतो. हॉप हा एक वेल आहे. त्याच्या मादी फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळा, चिकट पराग दिसावा तसा ल्युप्युलिन असतो. त्यात दोन गोष्टी असतात, अल्फा ॲसिड आणि सुगंधी तेलं. पाणी खळाखळा उकळलं की अल्फा ॲसिडचं रूप बदलतं आणि कडवटपणा येतो, पण तोवर तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून पेल एल करणारे थोडे हॉप्स सुरुवातीला उकळतात आणि बाकीचे शेवटी किंवा थंड बिअरमध्ये घालतात. अमेरिकेत १९७२ साली कॅस्केड ही जात आली, सिएरा नेवाडा या ब्रुअरीने १९८०मध्ये तिच्यावर आपली पेल एल उभी केली आणि पेल एल म्हटलं की लिंबूवर्गीय फळांचा वास हे समीकरण तिथून पक्कं झालं. आज ज्या सिट्रा आणि मोझॅकचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, त्या नंतरच्या.

घरी बिनधोक करता येण्यासारखे तीन मार्ग मला दिसतात. तिन्ही मी करते, पण तिन्हींना सारखे गुण देणार नाही.

हॉपचं पाणी

ज्यांना पेल एल वासासाठी आवडते त्यांनी डोळे झाकून इथून सुरुवात करावी. यात आंबवणं नाही, साखर नाही, अल्कोहोलही नाही. हॉप्स, पाणी, थोडं आंबट आणि सोडा, बस्स.

एक लिटर पेय हवं असेल तर पाव लिटर पाण्यात ३ ग्रॅम हॉपच्या गोळ्या (वाळवून, दळून दाबलेली फुलं). पाणी साधारण ८० अंशांवर हवं. त्याहून गरम असेल तर कडवटपणा वाढतो आणि वास पळतो, फार कोमट असेल तर वास नीट उतरत नाही. थर्मामीटर नसेल तर सोपी युक्ती आहे. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी खोलीच्या तापमानाचं पाणी एकत्र केलं की ते ८० अंशांच्या आसपास येतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. हा हिशेब तोच धरून केला आहे. गोळ्या घालण्याआधी सायट्रिक ॲसिडची चिमूट किंवा लिंबाचे थेंब घालून पीएच पट्टीवर ४ दिसेपर्यंत पाणी आंबट करून घ्यायचं. ही पायरी गाळू नका. पाणी आंबट नसेल तर हॉपच्या पानातला तुरटपणा भसकन उतरतो आणि जिभेवर चरचरत राहतो. शिवाय आंबट पाण्यात घातक जंतू सहजी वाढत नाहीत. झाकून वीस मिनिटं ठेवायचं, मग मलमलीतून आणि वर कॉफीच्या कागदी गाळणीतून दोनदा गाळायचं. गाळ राहिला तर सोडा ओतताच सगळा फेस ओट्यावर येतो. हा अर्क फ्रीजमध्ये गार करून एकास तीन थंडगार सोड्यात मिसळायचा. घरी सोडा मशीन असलं तरी अर्क त्यात घालू नका. साध्या पाण्यात गॅस भरा आणि मग मिसळा. अर्क चार-पाच दिवसांत संपवावा, त्यानंतर वास बसायला लागतो.

आता पाण्याविषयी, कारण इंदूरमध्ये अर्धा खेळ पाण्याचा आहे. पेल एलची मूळ कीर्तीच पाण्याने झाली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या एलचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागायचा. आपल्या बोअरचं पाणीही जड असतं, पण त्यात बायकार्बोनेटचा भाग मोठा. ते आंबटपणा खाऊन टाकतं आणि हॉप्सची चव खरखरीत करतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी, जे जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढून येतं, ते बोअरपेक्षा बरं. मात्र त्यात क्लोरीन असतं आणि क्लोरीनला वनस्पतींतले फिनॉल भेटले की औषधाच्या दुकानासारखा वास येतो. ते उकळून, उघडं ठेवून निववून घेतलं तर चालतं. मी आरओचं पाणी घेते. ते कोरं असतं, आंबट करायला सायट्रिक अगदी किंचित लागतं आणि चव जरा पोकळ वाटली तर लिटरमागे मिठाची छोटी चिमूट पुरते. मिठातल्या क्लोराइडने चवीला भरीवपणा येतो.

कृती बसवायची असेल तर हॉपच्या पाण्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पेल एल सुधारायला प्रत्येक खेपेला महिना जातो. इथे एका दुपारी दोन अर्क शेजारी शेजारी करता येतात. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हॉप बदललात तर पाणी, वेळ, तापमान तेच ठेवा. चव घेताना तीन ग्लास भरा, दोनांत एकच पेय, तिसऱ्यात बदललेलं, आणि कुठल्यात काय आहे हे चव घेणाऱ्याला सांगू नका. आमच्याकडे हे काम रामबागेतल्या आत्याचं. तिने आयुष्यात बिअर चाखलेली नाही, पण जीभ अशी तिखट की वरणातलं हिंगही किती ते सांगेल. वीस मिनिटं आणि एक तास मुरवलेले अर्क मी तिच्यापुढे ठेवले.

"आत्या, यातला वेगळा कुठला?"

"हा मधला. ह्यात ओल्या गवताची चव येतेय बघ. बाकीचे दोन छान आहेत, पपनस सोलल्यासारखे."

मधला तासाभराचा होता. चव घेणाऱ्याला वेगळा ग्लास ओळखताच आला नाही, तर तो बदल कृतीत ठेवण्यात अर्थ नाही.

याची उणीवही सांगायला हवी. पेल एलला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोडवा आणि अंग असतं, ते इथे नाही. पहिला घोट ज्यांना फार सडसडीत वाटतो त्यांना मी ते गराडूबरोबर किंवा लवंग सेवेबरोबर देते. तेल आणि तिखट जिभेवर असताना हा कडवटपणा जो काही लागतो, त्याला तोड नाही.

हॉपचा कोंबुचा

आंबवण्याची हौस असेल, बरणीकडे रोज डोकावण्यात आनंद वाटत असेल, तर कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा. अंग आणि आंबटपणा दोन्ही मिळतात, म्हणून तोंडात तो पाण्यापेक्षा बिअरच्या जवळ जातो. लिटरला ५ ग्रॅम चहा, ६० ते ७० ग्रॅम साखर, विरजण म्हणून आधीच्या खेपेचा १०० मिली आंबट कोंबुचा आणि वर कोंबुचाची साय, म्हणजे जीवाणू-यीस्टचा जाड थर. आपला रोजचा सीटीसी चहा इथे चालत नाही. त्याचा तुरटपणा आणि हॉप्सचा कडवटपणा एकमेकांच्या अंगावर येतात. ग्रीन टी किंवा हलकी दार्जिलिंग पत्ती घ्या.

हॉप्स कधी घालायचे हे महत्त्वाचं. पहिलं आंबवणं पूर्ण झालं की साय आणि पुढच्या खेपेचं विरजण बाजूला काढायचं, आणि मगच उरलेल्यात मलमलीच्या पुरचुंडीतून लिटरला २ ग्रॅम गोळ्या सोडून बरणी चोवीस तास फ्रीजमध्ये. हॉप्स काही जीवाणूंची वाढ रोखतात, बिअर टिकते ती काही अंशी त्यामुळेच. विरजणात हॉप्स गेले तर पुढच्या खेपा कशा वागतील याचा भरवसा राहत नाही. थंडीत घातल्याने वास उतरतो, कडवटपणा फारसा नाही. कोंबुचाला तेच हवं असतं.

ऋतू मात्र बघावा लागतो. २४ ते २८ अंश हे कोंबुचाचं सुखाचं तापमान. माळव्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चार-पाच दिवसांत बरणीत व्हिनेगर होतं. ऐन थंडीत, रात्री दहा अंश असताना, दोन आठवडेही लागतात. दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि होळीच्या आधीचे, हे आपल्याकडचे उत्तम. सायीवर कोरडी, लवदार बुरशी दिसली तर वरवर काढून उरलेलं वापरायचा मोह टाळा, बरणीच रिकामी करा.

अल्कोहोलचं काय? थोडं असतंच. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांवरचं पेय मद्य धरलं जातं, आणि साखर किंवा फळाचा रस घालून बाटली गच्च बंद करून उबेत ठेवली तर घरचा कोंबुचा ती रेषा ओलांडू शकतो. म्हणून दुसरं आंबवणं मी करत नाही; फेस हवा असेल तर वरून सोडा. मुलांना, गरोदर बाईला किंवा जे कटाक्षाने मद्यापासून दूर राहतात त्यांना हा देऊ नका. घरात असं कोणी असेल तर तुमची निवड इथेच झाली: हॉपचं पाणी. गरोदरपणात मात्र हॉप्सचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आल्याचा सोडा

आलं, साखर आणि पाणी रोज थोडं थोडं घालून आठवडाभरात विरजण जिवंत होतं आणि त्यावर फसफसता सोडा होतो. सामान कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, खर्च नगण्य. पण पेल एलच्या मागे असलेल्या माणसाला मी हा सुचवणार नाही. आल्यापुढे हॉप्सचं काही चालत नाही, नाजूक वास पार बुडतात. घरात पाहुणे खूप आणि सगळ्यांना आवडेल असं काही हवंय, तर जरूर करा, हॉप्सशिवाय. उन्हाळ्यात काचेची बाटली वापरू नका; दाब झपाट्याने वाढतो आणि काच फुटते. प्लास्टिकची सोड्याची बाटली घेतली तर दाबून बघता येतं, कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. अल्कोहोलचा मुद्दा इथेही कोंबुचासारखाच.

काय विकत घ्यावं

हॉप्स ऑनलाइन मागवावे लागतात. पहिल्यांदा ५० ग्रॅमचं एकच पाकीट घ्या, कॅस्केडचं. तिची अल्फा ॲसिड ५ ते ७ टक्क्यांच्या घरात, म्हणजे हातून वेळ किंवा तापमान थोडं सरकलं तरी पेय कडूजहर होत नाही. सिट्रात ती दुपटीच्या आसपास. वास मात्र कैरी, पिकलेला पेरू आणि लिंबाची साल असा भरगच्च. कॅस्केडवर हात बसला की तिच्याकडे जा, आणि तेव्हा लिटरला २ ग्रॅमपासून सुरुवात करा.

पाकिटावर कापणीचं वर्ष बघा. उत्तर गोलार्धात हॉप्स वर्षातून एकदाच, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात निघतात. दोन कापण्या मागे पडलेला माल स्वस्त असला तरी नको. हवा काढलेलं, प्रकाश न शिरणारं पाकीटच घ्यायचं आणि आल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाकायचं. उघडल्यावर एक गोळी तळहातावर चुरून हुंगा. बोटांना पिवळसर चिकटा लागला आणि वास नाकात गेला तर माल ताजा. जुन्या चीजसारखा किंवा पायमोज्यासारखा वास आला तर परत करा.

घरात कुत्रा असेल तर एक काळजी घ्या. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, वापरलेला चोथासुद्धा. त्यांचं अंग अचानक तापतं आणि जीवावर बेतू शकतं. चोथा कुंडीत किंवा अंगणात न टाकता घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात द्या, आणि चुकून खाल्लाच तर वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.