बीपी मशीन चांगलं, पण पट्टा दंड मोजूनच घ्या

सांगली-मिरजेत औषधाच्या दुकानांतून मिळणारं दंडावर बांधायचं साधं डिजिटल बीपी मशीन घरच्या वापराला उत्तम. खरी अडचण असते ती सोबतच्या पट्ट्याची. तो बहुधा 22 ते 32 सेंमी घेराचा असतो. वजनदार माणसाचा किंवा मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाचा दंड सहज 35 च्या वर जातो. अशा दंडावर आखूड पट्टा बांधला की धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि वरचा आकडा 5 ते 20 ने फुगतो. मग नको असलेली गोळी सुरू होते! खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजा. 32 च्या पुढे असेल तर 22 ते 42 चा पट्टा मागून घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

वाळलेल्या दंडाच्या आजी-आजोबांचं उलट. दंडाच्या मानाने मोठा पट्टा बांधला की आकडा कमी येतो. उतारवयात धमन्या ताठर होतात, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. त्यांचं बीपी बसून घ्याच, शिवाय उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनीही घ्या. वरचा आकडा 20 ने पडला तर डॉक्टरांना सांगा, चक्कर येऊन पडण्याची भीती असते. नाडी अनियमित असेल तर मशीन चुकतं, तीनदा मोजा.

मनगटाचं मशीन मात्र टाळा.