छोटी चित्रं लावायची कुठे? कॅफे की वाचनालय

पोस्टकार्डाएवढी किंवा त्याहूनही लहान दहा-पंधरा चित्रं हाताशी असतील, तर मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या तारखेची वाट बघत बसू नका. तारीख मिळाली तरी त्या उंच भिंतींवर ती हरवूनच जातील. अशा कामासाठी रोजच्या वावरातली जागा बरी, आणि तशा दोन जागा सहज सुचतात.

कॅफेत गर्दी असते, खिशात पैसे असलेली माणसं असतात. चित्रं विकायची असतील तर इथेच जा. मालकाचा वाटा किती, हे मात्र आधीच लिहून घ्या. अडचण वेगळीच आहे. लहान चित्र हातभर अंतरावरूनच दिसतं, आणि कॅफेतल्या भिंतीला नेमकी टेबलं लावलेली असतात. अनोळखी माणसाच्या खांद्यावरून वाकून चित्र कोण बघणार? म्हणून भिंत मागू नका, बिलाच्या काउंटरजवळची पट्टी मागा. तिथे माणूस दोन मिनिटं रिकामा उभा असतो. स्वयंपाकघराच्या दारापासून लांब राहा, नाहीतर महिन्याभरात काचेवर तेलाचा थर बसतो.

वाचनालयात विक्री जवळजवळ शून्य. पण पुस्तक बदलायच्या रांगेतले आजोबा चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक चित्रापाशी थांबतात, हे कॅफेत व्हायचं नाही. शिवाय कुलूपबंद काचपेटी बहुतेक ठिकाणी असतेच. कार्यवाहांच्या नावे साधा अर्ज पुरतो. पेटीत चित्रं आडवी ठेवता येतात. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आठवा: दहा अवतारांची 12-12, एकूण 120 गोल पानं, सगळी हातात धरून बघायची. लहान कामाला ही खाली वाकून बघायची नजरच मानवते. दोऱ्याला बांधून एक भिंग ठेवलंत तर मुलं हलणार नाहीत. चेहरे दर आठवड्याला तेच येतात, तेव्हा चित्रं मात्र बदलत राहा. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

तिसरा मार्ग अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये चित्रकार स्टेसी मिलरनी यांनी 2020 मध्ये दाखवला: घराबाहेर खांबावर छोटी पेटी, आवडलं ते चित्र न्या, आपलं ठेवा. आपल्याकडे सोसायटीच्या जिन्याखाली जमेल, चित्र परत यायची आशा सोडली तर.

पहिल्यांदाच दाखवत असाल तर माझं मत वाचनालयाला. आणि कुठेही लावा, नावाची चिठ्ठी चित्रापेक्षा मोठी होऊ देऊ नका.