हायड्रा, ट्रकवरील क्रेन, सिझर लिफ्ट की बूम लिफ्ट : भाड्याने ठरवण्यापूर्वी

चाकणच्या कारखान्यातले यंत्र असो वा बाणेरच्या सोसायटीच्या गच्चीवर चढवायचा चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र) असो, पुण्यात पहिली चौकशी बहुधा ‘किती टनांची क्रेन?’ अशीच होते. त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात : वर सामान न्यायचे आहे की माणूस, आणि यंत्र उभे राहील तिथून भार किती लांब पडणार आहे.

ट्रकमधून माल उतरवणे किंवा भार धरून थोडे अंतर नेणे यासाठी हायड्रा, म्हणजे भार लटकवून चालू शकणारी छोटी क्रेन, सोयीची आणि चटकन मिळणारी आहे. मात्र १४ टनांची हायड्रा १४ टन उचलते ती भार अगदी जवळ असतानाच. शिवाय जुन्या बांधणीत चालक मागे बसत असल्याने बूम (क्रेनची लांब भुजा) आणि लटकता भार त्याची नजर अडवतात, आणि भाराची दोरी धरून शेजारून चालणारा मदतनीस चाकाखाली येण्याचा धोका त्यातूनच निर्माण होतो. पुढे केबिन असलेली, ‘फराना’ म्हणून ओळखली जाणारी क्रेन मिळत असेल, तर भाडे थोडे जास्त पडले तरी तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गच्चीवरच्या कामाला ट्रकवरील टेलिस्कोपिक (बूम लांबवता येणारी) क्रेन लागते, आणि तिथे टनांपेक्षा रेडियस, म्हणजे क्रेनच्या मध्यापासून भारापर्यंतचे आडवे अंतर, महत्त्वाचा ठरतो. तीन टनांचा चिलर, त्यात हूक व स्लिंगचे (भार बांधायच्या पट्ट्यांचे) वजन धरून साडेतीन टन, क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून १४ मीटरवर ठेवायचा असेल, तर २५ टनांच्या क्रेनलाही ते काम काठावर जाऊ शकते. म्हणून त्याच क्रेनचा लोड चार्ट (किती अंतरावर किती भार उचलता येतो त्याचा तक्ता) मागवून त्या रेडियसचा आणि त्या बूम-लांबीचा आकडा पाहावा. जॅक (क्रेनला स्थिर ठेवणारे टेकू) कुठे टेकणार हेही आधीच तपासावे. सोसायटीच्या आवारात फरसबंदीखाली पाण्याची टाकी किंवा तळघरातील पार्किंग असते, आणि पावसाळ्यात काळी माती जॅकखाली खचते. क्रॉलर (पट्ट्यांवर चालणारी) आणि टॉवर क्रेन महिनोन्‌महिने चालणाऱ्या बांधकामासाठीच परवडतात.

माणूस वर न्यायचा असेल, तर क्रेनच्या हुकाला पिंजरा लटकवणे हा अगदी शेवटचा, दुसरा मार्गच नसतानाचा उपाय समजावा, कारण आतल्या माणसाच्या हाती कोणतेच नियंत्रण नसते. शेडमध्ये सपाट काँक्रीटवर दिवे किंवा केबल ट्रे बसवायला बॅटरीवरची सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांवर उचलला जाणारा मंच) उत्तम. ती सरळ वर जाते आणि तिच्यावर दोघांना साहित्यासह ऐसपैस उभे राहता येते. मध्ये यंत्रांची रांग किंवा कन्व्हेअर आडवा येत असेल, तर वळणाऱ्या भुजेची बूम लिफ्ट घ्यावी. तिच्या बास्केटची मर्यादा बहुधा २३० किलोच्या आसपास असते, म्हणजे दोन माणसे आणि हत्यारे. चाकाला खड्ड्याचा हिसका बसला तरी वरचा माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो, त्यामुळे हार्नेस (अंगावरचा सुरक्षापट्टा) बास्केटमधल्या ठरलेल्या कडीलाच अडकवायचा, शेजारच्या खांबाला नव्हे. उघड्यावर चालणाऱ्या लिफ्टना वाऱ्याची मर्यादा साधारण सेकंदाला १२.५ मीटर असते. मे महिन्यातल्या वळवाच्या दुपारी ती सहज ओलांडली जाते.

भाडे पक्के करताना वर्षभरातला तपासणीचा दाखला पाहावा, आणि बूम लिफ्ट असेल तर वरचा माणूस बेशुद्ध पडल्यास तिला खालून उतरवता येणारी व्यक्ती कामभर जागेवर हजर राहील, हे ठेकेदाराकडून लिहून घ्यावे.