फ्रेडरिक डग्लसचं घर, सीडर हिल, वॉशिंग्टन डीसी : वेळ काढून जाच

डीसीला आलेले आपले बहुतेक लोक लिंकन मेमोरियल, व्हाइट हाऊस, दोन-तीन म्युझियम्स करतात आणि परत फिरतात, नदीपलीकडे अ‍ॅनाकोस्टियात कुणी जात नाही. आईबाबा इकडे आले होते तेव्हा मी त्यांना मुद्दाम तिकडे घेऊन गेलो, कारण बाबांना फुले जवळजवळ पाठ आहेत आणि जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या काळ्या माणसांना गुलामीतून सोडवलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. आता त्या लढ्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे डग्लस, तो स्वतः गुलामीत जन्मलेला, आणि तो राहिला ते घर आपल्यापासून मेट्रोच्या अंतरावर असताना न बघता कसं चालेल.

आधी कामाचं सांगतो. घर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या खात्याकडे आहे. आत त्यांच्या रेंजरबरोबरच (तोच गाइड) जाता येतं, तिकीट फुकट आहे पण ऑनलाइन बुकिंगला माणशी १ डॉलर पडतो, आणि बुकिंग करूनच जा. टेकडीवर घर आहे, खूप पायऱ्या आहेत, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी रॅम्पची आधीच चौकशी करा. वर पोचलात की व्हरांड्यातून अख्खं शहर दिसतं, कॅपिटॉलच्या घुमटासकट, आईचं तिथून पाऊल निघेना.

आता घराबद्दल. हे घर बांधलं तो माणूस बिल्डर होता, खालची युनियनटाउन नावाची वसाहत वसवणाऱ्यांपैकी एक, आणि त्या वसाहतीच्या कागदांत स्पष्ट अट होती की काळ्या माणसाला जागा विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. पुढे बिल्डरचं दिवाळं निघालं आणि १८७७ साली त्याचंच राहतं घर डग्लसने विकत घेतलं. हे वाचलं ना तेव्हापासून मला पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधतानाचे प्रश्न आठवतायत, आडनाव काय, खाता काय, एकटी राहणार का, घरी कोण येणार. कायद्याने आपण सगळे स्वतंत्र आहोत पण कुठे राहायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आत सामान बरंचसं त्याचं स्वतःचं आहे. लायब्ररी, टेबल, व्हायोलिन, बेडरूममध्ये व्यायामाचे डंबेल्स, आणि लिंकनच्या बायकोने लिंकनच्या मृत्यूनंतर डग्लसला पाठवलेली काठी, तीही या घराच्या संग्रहात आहे. लायब्ररीच्या दारात जरा जास्त वेळ उभे राहा. लहानपणी बाल्टिमोरला मालकीणबाई त्याला एबीसीडी शिकवायला लागल्या होत्या, मालकाने ते बंद पाडलं, म्हणे शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोराने तेवढ्यावरून ओळखलं की सुटायची वाट ही आहे, मग रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना घरचा पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकला. त्या माणसाची ही लायब्ररी आहे. सावित्रीबाईंवर शेण का फेकलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मला स्वतःला डग्लसचं सगळ्यात पटतं ते हे की त्याच्यासाठी स्वातंत्र्य हा भाषणातला शब्द नव्हता, माझी मजुरी कुणाच्या खिशात जाते इतकी साधी गोष्ट होती. तरुणपणी तो बाल्टिमोरच्या गोदीत जहाजांच्या फटी बुजवायचं काम करायचा आणि आठवड्याची सगळी कमाई मालकाच्या हातात ठेवायची. ६ डॉलर दिले की मालक कधीमधी त्यातले ६ सेंट परत द्यायचा, शाबासकी म्हणून. डग्लसने लिहून ठेवलंय की याचा त्याच्यावर उलटाच परिणाम झाला, थोडे परत देतोय म्हणजे सगळेच माझे आहेत हे यानेच कबूल केलं की! हे मी आईला सांगितलं तर ती पटकन म्हणाली आपल्याकडे नोकरी करणाऱ्या किती बायकांची एटीएम कार्डं नवऱ्याकडे असतात आणि खर्चाला म्हणून त्यांचेच पैसे त्यांच्या हातावर टेकवतात. अगदी बरोबर बोलली.

वरच्या मजल्यावर दोन्ही बायकांच्या खोल्या आहेत त्या घाईत बघू नका. पहिली अ‍ॅना मरे, ती जन्मतःच स्वतंत्र होती, घरकाम करून साठवलेले पैसे तिने दिले म्हणून १८३८ मध्ये हा खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्या एका स्वतंत्र काळ्या खलाशाचे ओळखीचे कागद खिशात ठेवून ट्रेनने पळू शकला. कागदावरचं वर्णन याच्याशी जुळत नव्हतं पण वर अमेरिकन गरुड छापलेला होता, कंडक्टरने तेवढंच बघितलं आणि पुढे गेला. पासपोर्ट मालकाकडे जमा करून गल्फमध्ये काम केलेल्या कोकणातल्या माणसाला विचारा कागद म्हणजे काय असतं ते. अ‍ॅना १८८२ ला गेली, १८८४ मध्ये त्याने हेलन पिट्सशी लग्न केलं, ती गोरी. हेलनचे वडील गुलामगिरीविरोधी चळवळीतले, पण मुलीने काळ्या माणसाशी लग्न केल्यावर त्यांनी संबंध तोडले, आणि डग्लसच्या मुलांनाही हे लग्न आवडलं नव्हतं. सभेत समतेवर बोलणारे आणि मुलीने जातीबाहेर लग्न ठरवलं की अंथरूण धरणारे आपल्या ओळखीत कमी आहेत का? आणि ज्या हेलनला सगळ्यांनी बोल लावला तिनेच डग्लसच्या मागे हे घर जपलं, नाहीतर आज बघायला काही उरलं नसतं.

मागे अंगणात छोटी दगडी खोली आहे, ग्राऊलरी म्हणतात, खिडकी नसलेली, तो तिथे एकटा बसून लिहायचा वाचायचा. आताची पुन्हा बांधलेली आहे. ती बघताना त्याचं १८६० चं बोस्टनचं भाषण नक्की आठवा. गुलामगिरीविरोधी सभा तिथे गुंडांनी उधळली होती, त्यावर तो म्हणाला होता की बोलणाऱ्याचं तोंड दाबणं हा दुहेरी अन्याय आहे, बोलणाऱ्यावर तर आहेच पण ऐकणाऱ्याच्या हक्कावरही आहे. आज कुठे कार्यक्रम रद्द होतात, कुठे जिल्ह्याचं इंटरनेट बंद करतात, तेव्हा आपण फक्त बोलणाऱ्याची बाजू घेतो किंवा नाही घेत, पण ऐकायचा हक्क आपला होता आणि तो गेला हे कुणी बोलतच नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच. टूर छोटी आहे, एवढा मोठा माणूस तेवढ्यात मावणं शक्य नाही, म्हणून जायच्या आधी त्याचं १८४५ चं आत्मचरित्र वाचून जा, लहानसं आहे आणि नेटवर फुकट मिळतं. खालच्या व्हिजिटर सेंटरमध्ये फिल्म दाखवतात ती टूरच्या आधी बघा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर, म्हणजे वर गेल्यावर ती रेंजरला स्वतःहून प्रश्न विचारतात.