सकाळची साखर चढते, रात्री तपासायचं कशाने: ग्लुकोमीटर की सेन्सर?

रात्री झोपताना १३०, सकाळी उठल्यावर १८०. मध्ये पाण्याशिवाय काही पोटात गेलेलं नाही. वरची पन्नास बहुतेक वेळा यकृताने सोडलेली असते. का सोडली, हे मात्र सकाळच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी पहाटे तीनचा आकडा लागतो. तो मिळवायचा तर गजर लावून बोट टोचा, नाहीतर दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावा.

आधी तीनचा आकडा वाचायचा कसा ते पाहू (सगळे आकडे मिग्रॅ प्रति डेसिलीटर).

झोपताना १३०, तीनला १२५, सहाला १७५ असेल तर तो ‘डॉन फेनॉमेनन’. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. मधुमेह नसलेल्याचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन सोडून निभावून नेतं.

१३०, १६०, १९० अशी रात्रभर चढण असेल तर इन्सुलिन सकाळपर्यंत पुरत नाही, किंवा रात्रीचं तेलकट जेवण अजून पचतंय. २१०, २०५, २०० असेल तर पहाटेला उगाच बोल लावू नका; साडेदहाला जेवलेला भात तपासा.

आणि १३०, ५८, १९०? रात्री साखर घसरली आणि शरीराने उलट उसळी मारली. याला ‘सोमोजी परिणाम’ म्हणतात. सेन्सर आल्यापासून हा प्रकार वाटला होता त्यापेक्षा बराच दुर्मीळ असल्याचं दिसलंय. रात्री घसरलेली साखर सकाळीही बहुधा कमीच असते. तरी ही शक्यता आधी बाद करायची, कारण इथे सकाळचा आकडा बघून डोस वाढवला तर पुढच्या रात्रीची घसरण आणखी खोल जाते.

ग्लुकोमीटरचं गणित स्वस्त आहे. तीन रात्री, रोज तीन वेळा (झोपताना, तीनला, उठल्या उठल्या), म्हणजे नऊ स्ट्रिप्स. त्या रात्री जेवण नेहमीचंच आणि नेहमीच्या वेळी. हात साबणाने धुऊन कोरडे करा; बोटाला आंब्याचा रस लागलेला असेल तर मीटर त्याचीही साखर मोजतं. टोचायचं बोटाच्या कडेला. डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यातल्या दमट हवेत स्ट्रिप्स खराब होतात. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते, म्हणून १० चा फरक दिसला की अर्थ लावत बसू नका. खरी उणीव वेगळीच: साखर दीडला घसरून तीनपर्यंत सावरली तर मीटरला पत्ताही लागत नाही. एखाद्या रात्री गजर दोनचा लावा.

सेन्सर ही फट भरतो. साधारण १४ दिवसांचा आलेख मिळतो, खर्च मात्र हजारांत जातो. तो रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. त्याच कुशीवर झोपलात की दंड दाबला जातो आणि आलेख कड्यावरून पडल्यासारखा ६० वर येतो. कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर. ही घसरण खोटी. खरी सहसा उतारासारखी येते. शंका आली तर बोट टोचूनच खात्री करावी लागते, म्हणजे सेन्सर घेतला तरी मीटर सुटत नाही. आणखी एक मेख: दवाखान्यात लावून देतात त्यातले काही सेन्सर नुसती नोंद ठेवतात, रात्री साखर घसरली तरी वाजत नाहीत. घेण्याआधी विचारा.

फक्त मेटफॉर्मिन किंवा पथ्यावर असाल तर रात्री साखर घसरण्याची शक्यता फारच कमी. नऊ स्ट्रिप्स पुरे, सेन्सरचे पैसे वाचवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असेल, पहाटे कपडे घामाने भिजत असतील, सकाळी डोकं जड असेल, घरात एकटे राहत असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर वाजणारा सेन्सरच घ्या.

तीनला ७० च्या खाली आकडा आला तर ३ छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बिस्किट-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्याने साखर रक्तात उशिरा पोचते. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा; डोस आपल्या मनाने हलवू नका.

डॉन फेनॉमेनन निघाला तर जेवण आठच्या आत आणि नंतर १५-२० मिनिटं चालणं, एवढं आपल्या हातात. गोळी-इन्सुलिनचा प्रकार आणि वेळ डॉक्टर ठरवतील. त्यांच्याकडे जाताना वहीत आकड्यांशेजारी तीन गोष्टी लिहून न्या: जेवणाची वेळ, औषधाची वेळ, उठल्याची वेळ. सहाला उठून नऊपर्यंत लॅबच्या रांगेत उपाशी बसलेल्याचं फास्टिंग घरच्या सहाच्या आकड्यापेक्षा जास्त येऊ शकतं, आणि डोस ठरताना तो फरक डॉक्टरांपुढे असलेला बरा.