मोटरहोमचे पाटे, वीज आणि एसी : भोसरीतील या वर्कशॉपचा अनुभव

आमचे मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेले आहे. गेली दोन वर्षे त्याच्या तीन तक्रारी आम्ही तीन वेगवेगळ्या मेकॅनिकांकडे नेत होतो. गाडी डाव्या बाजूला झुकत होती, एसी सुरू झाला की आतले दिवे मंद होऊन इन्व्हर्टर बंद पडत होता आणि दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागत होता. या वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी कोणी पाना हातात घेतला नाही. मुख्य मिस्त्री एवढेच म्हणाले, “साहेब, पाण्याची टाकी पूर्ण भरा, प्रवासाला नेता ते सगळं सामान गाडीत ठेवा आणि मग काट्यावर चला.”

वजनकाट्यावर त्यांनी आधी केवळ पुढचा अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आस), मग संपूर्ण गाडी आणि शेवटी एका वेळी एकाच बाजूची चाके चढवून वजने घेतली. डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे १४० किलो जड निघाली, कारण १२० लिटरची पाण्याची टाकी, स्वयंपाकाचा ओटा आणि दोन्ही ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या गाडी बांधणाऱ्याने डावीकडेच बसवल्या होत्या. आधीच्या एका गॅरेजने याच झुकावावर इलाज म्हणून डावीकडच्या पाट्यांत, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक जास्तीचा पाटा घातला होता आणि त्यामुळे त्या बाजूचा प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसत असे. वजन न करता पाट्यांना हात लावणे चुकीचे असते, हे मला आता पटले आहे.

मला खरे तर मागे हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन बसवून घ्यायचे होते. त्यांनी ते काम नाकारले नाही. पण अशा पिशव्यांनी गाडीची उंची आणि डोलणे सुधारते, नोंदणी पुस्तकातली भारक्षमता मात्र एक किलोनेही वाढत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, याचीही त्यांनी आठवण करून दिली. शेवटी टाकी अ‍ॅक्सलच्या जवळ, गाडीच्या मध्यावर हलवली आणि मागचे दोन्ही पाट्यांचे संच मूळ मापाचे नवे घेतले. जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा बाक देण्याचा स्वस्त मार्ग मी विचारला होता, पण तो बाक फार काळ टिकत नाही असे त्यांचे मत पडले. एका पाट्याला सेंटर बोल्टजवळ (संचाचे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) केसासारखी चीरही सापडली. शॅकलचे (पाट्यांचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचे) बुश, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घातले. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हा नियम त्यांनी पाळला. टायरमधली हवाही अंदाजाने न ठेवता काट्यावरच्या वजनानुसार ठरवून दिली.

विजेच्या कामाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या वर्कशॉपचे खरे कौशल्य तिथे दिसते. आमचा २००० वॉटचा इन्व्हर्टर बॅटरीपासून चार मीटर लांब होता आणि त्याला २५ चौरस मिलिमीटरची केबल होती. पूर्ण भाराला १२ व्होल्टच्या बाजूने १६० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो आणि जाण्यायेण्याच्या आठ मीटर तांब्यात जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. म्हणजे बॅटरी भरलेली असतानाही इन्व्हर्टरला ती रिकामी वाटत असे. त्यांनी क्लॅम्प मीटर आणि व्होल्टमीटर लावून हे मला डोळ्यांदेखत दाखवले. आता इन्व्हर्टर बॅटरीपासून एक मीटरवर आहे, केबल ७० चौरस मिलिमीटरची आहे, केबलच्या टोकाचे लग हायड्रॉलिक प्रेसने दाबलेले आहेत आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून आहे. पूर्वी तो इन्व्हर्टरजवळ होता. तेव्हा वाटेत केबल घासून उघडी पडली असती, तर तिच्यासाठी कोणतेच संरक्षण नव्हते. आम्ही झोपतो त्या पलंगाखालीच ही केबल होती, हे आठवले की अजूनही अंगावर काटा येतो.

दोन १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांऐवजी दोन १२.८ व्होल्टच्या, २०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या बसवल्या. त्यामुळे साठ किलोच्या आसपास वजन उतरले आणि ते नेमके जड बाजूचे उतरले. या दोन बॅटऱ्यांत मिळून ५१२० वॉट-तास ऊर्जा मावते आणि त्यातली नव्वद टक्के निर्धास्तपणे वापरता येते. ट्युब्युलर बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राला) थेट जोडू नये, हेही त्यांनी आपणहून सांगितले. तिचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि घाटात कमी वेगाने चढताना अल्टरनेटर तापतो. म्हणून मध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर आहे. चार तास गाडी चालली की त्यातून साधारण दीड युनिट वीज जमा होते.

एसी एक टनाचा, घरगुती इन्व्हर्टर स्प्लिट आहे. घरच्या भिंतीसाठी बनलेल्या या यंत्राला रस्त्याचे हादरे सोसत नाहीत आणि त्याच्या तांब्याच्या नळीचे फ्लेअर (टोक पसरवून नटाने आवळलेले) सांधे हळूहळू सैल होतात. गेली दोन वर्षे कोणीही गळती शोधली नाही, केवळ गॅस भरला. इथे नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचे पाणी लावून बाहेरच्या युनिटजवळचा गळका सांधा शोधून काढला, नळीला हादरे पचवणारा वळसा दिला, युनिट रबराच्या बैठकीवर घेतले, मग व्हॅक्यूम करून काट्यावर मोजून गॅस भरला. मी दीड टनाचा एसी मागत होतो. त्याऐवजी त्यांनी छताच्या आतून उष्णता अडवणारे नायट्राइल रबराचे आवरण लावायला सांगितले आणि छतावरची सौर पटले पत्र्यापासून थोडी उचलून बसवली, जेणेकरून खालून वारा खेळेल आणि पटलांची सावलीही छताला मिळेल.

मे महिन्यात चंद्रपूरमार्गे ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे गेलो असताना याची परीक्षा झाली. भर दुपारी एसी खोली गार करू शकत नव्हता, केवळ सुसह्य ठेवत होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. रात्री मात्र तो बॅटरीवर सहा तास अखंड चालला. पूर्वी दोन तासही चालत नसे. जूनच्या सुरुवातीला ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा असे दिवेआगरला गेलो, तेव्हा वळणांवर कपाटातली भांडी वाजली नाहीत आणि माझ्या पत्नीला, जिला या घाटात हमखास मळमळते, वाटेत एकदाही थांबावे लागले नाही. माझ्या लेखी नव्या पाट्यांची याहून मोठी पावती नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सहा दिवसांचे काम अकरा दिवसांनी मिळाले आणि विलंब होणार हे आम्हीच फोन केल्यावर कळले. एसीच्या पाण्याची नळी पहिल्याच प्रवासात मुरगळली आणि पाणी गादीवर ठिबकले. ती त्यांनी मोफत बदलली, पण गाडी सुपूर्द करण्यापूर्वी तासभर एसी चालवून पाहिला असता तर हे टळले असते. बाहेरचे युनिट अजून गाडीच्या पाठीमागेच आहे. अ‍ॅक्सलच्या मागे टांगलेले वजन तरफेसारखे काम करून पुढच्या चाकांवरचा भार कमी करते, हे त्यांना माहीत असूनही त्यांनी दुसरी जागा सुचवली नाही. एकूण बिल करासह २ लाख ९० हजारांच्या घरात गेले, त्यात बॅटऱ्यांचाच वाटा निम्म्याहून अधिक होता.

येथे गाडी देणाऱ्यांनी वायरिंगची आकृती आवर्जून मागून घ्यावी, कारण ती आपणहून दिली जात नाही. आम्ही मागितल्यावर त्यांनी प्रत्येक फ्यूजचा क्रमांक आणि केबलची जाडी लिहिलेला स्वच्छ कागद दिला; तो आम्ही बॅटरीच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवला आहे. हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा ताणून घेण्यासाठी गाडी नेली, तेव्हा त्यांनी त्याच कागदाशी ताडून सगळे सांधेही तपासले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.