कासदाहासाठी ‘न्यूक’ जीनचं पीसीआर किट: मिश्रण छान, लायसिस कच्चं

गाई-म्हशींच्या कासदाहातला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू त्याच्या ‘न्यूक’ जीनवरून, पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून) ओळखणारं हे किट तालुक्याच्या लॅबला कामाचं. पीसीआरचं मिश्रण कोरडं, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला तरी धास्ती नाही. फोडलेल्या पाकिटाला तेवढी ओल लागू देऊ नका. घोळ लायसिसमध्ये, म्हणजे जंतू फोडून डीएनए काढण्यात आहे. स्टॅफिलोकोकसची भिंत जाड, सोबतच्या बफरमध्ये नुसतं उकळून डीएनए पुरेसा सुटत नाही. आधी ३७ अंशांवर लायसोस्टॅफिन (ही भिंत तोडणारं एन्झाइम) द्या, ते वेगळं घ्यावं लागतं. दूध थेट टाकलं की कॅल्शियम नि चरबी पॉलिमरेजला (प्रती काढणाऱ्या एन्झाइमला) अडवतात, तेव्हा कल्चर करून एकच कॉलनी उचला. जेलवर सुमारे २८० बेसपेअर (डीएनएच्या लांबीचं एकक) लांबीची पट्टी म्हणजे ऑरियस. इंटरमीडियस, हायकस या स्टॅफच्या दुसऱ्या जातींमध्येही न्यूक्लिएज (न्यूक जीनपासून बनणारं एन्झाइम) असतं, पण जीनचा क्रम वेगळा, किटचे प्रायमर (जीनला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) तिथे बसत नाहीत. पट्टी नाही म्हणून ‘स्टॅफ नाही’ असं रिपोर्टात लिहू नका. किटमध्ये इंटर्नल कंट्रोल (पीसीआर नीट चालली का ते दाखवणारी सोबतची तपासणी) मात्र नाही. या किमतीत ते खटकतं.